कफीलाची सही

शुक्रवारच्या नमाजानंतर हाजी मुकबिलच्या बैठकीत दहा-बारा माणसं जेवायला असायचीच. ती सगळी उठून गेल्यावर मगच अफराहने तोंड उघडलं. एवढं शहाणपण तिच्याजवळ होतं. पाहुण्यांसमोर बोलली असती तर हाजीला माघार घेता आली नसती, आणि त्याला माघारीची वाट ठेवावी असं तिला त्या दिवसापर्यंत वाटत होतं.

"काका, सोमवारपासून मी कामाला जाणार आहे."

हाजी मेथीच्या फेसाने माखलेली बोटं पुसत होता. पुसतच राहिला. "कामाला? आणि इथे काय करतेस? झोपा काढतेस?"

"इथलंही कामच आहे, काका. पण ते घरचं. हे पगाराचं. गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवतात ना, त्या कारखान्यात. त्यांनी मला मशीनवर बसवून पाहिलं. पसंत पडलं त्यांना."

"वा! म्हणजे परीक्षाही देऊन आलीस! आणि दुकानातल्या रोट्या कोण भाजणार? समोसे? की ते आता गिऱ्हाइकांनी घरून आणायचे?"

"पहाटे उठून जमेल तेवढं करीन."

हाजी उठला. माणूस उंचीला बेताचा, पण बसलेल्या बाईसमोर उभा राहिला की दार अडवून उभा राहिल्यासारखा वाटायचा. आवाज मात्र त्याने चढवला नाही. तो नेहमीच, जे खरं दुखवायचं ते हळू बोलायचा.

"पोरी, तुझ्या ग्रीन कार्डाची मुदत कधी संपते?"

"पुढच्या महिन्यात."

"आणि त्या कागदांवर कफील म्हणून नाव कोणाचं आहे?"

"तुमचं."

"मग झालं तर. सोमवारी तू त्या दारातून बाहेर पड, मंगळवारी मी माझं नाव काढून घेतो. मग बघू कोणत्या देशात बसून तू कव्हरं शिवतेस ते."

अफराहने ताटं एकात एक घातली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला. एकही ताट घासलं गेलं नाही, नुसतं पाणी वाहत राहिलं.

कफील हा शब्द डिअरबॉर्नच्या आमच्या या टोकाला सगळ्यांना ठाऊक आहे. पोलादाच्या कारखान्याच्या धुराखाली राहणाऱ्या निम्म्या येमेनी घरांतलं कोणी ना कोणी अमेरिकेत यायच्या आधी सौदीत राबून आलेलं आहे. तिकडे परक्या माणसाला एक कफील लागतो. त्याच्या नावावर तुमचं राहणं, तुमचं काम, तुमचं दुकानसुद्धा. त्याची मर्जी आहे तोवर तुम्ही आहात. त्याने नाव काढलं की तुम्ही नाही.

अफराह सौदीतच, जेद्दाला जन्मली, वाढली. तिचा बाप शाळेचे गणवेश शिवायचा. दुकान त्याच्या घामाचं, पाटीवर नाव कफीलाचं. कफीलाच्या धाकट्या भावाला ती जागा हवी होती, एवढंच कारण. बापाने नाही म्हटलं आणि कफीलाने नाव काढून घेतलं. सातवीत होती ती तेव्हा. वर्गातल्या मैत्रिणींचा निरोपही घ्यायला मिळाला नाही. बापाची तिन्ही मशिनं दुकानातच राहिली. येमेनात, इब्बला गावी परतल्यावर तो माणूस जगला पुष्कळ, पण घरात कोणाला मोठ्याने हाक मारली असेल तर शपथ. आपल्याला इथूनही कोणी उठवेल अशा बेताने तो स्वतःच्या घरात वावरायचा.

त्यामुळे अफराहला धमकीचा अर्थ समजावून सांगायला लागत नव्हता. हाजीने दोन वर्षांत हा शब्द फार तर चार-पाच वेळा उच्चारला असेल. तेवढा पुरेसा होता. इंग्रजीचा वर्ग सोडून दे म्हटला, सोडला. दुकानासाठी रोट्या कर म्हटला, केल्या. मैत्रिणीच्या बाळंतपणाला जायचं नाही म्हटला, गेली नाही. लोक म्हणायचे, हाजीची सून किती गुणी! सूनही नव्हती ती त्याची. त्याच्या पुतण्याची, मुनीफची बायको होती.

आणि मुनीफ कुठे होता? मुनीफ पाण्यावर होता. सरोवरांतल्या मालवाहू जहाजावर तो खलाशी होता. बर्फ वितळलं की जायचा, नदी गोठली की यायचा. उत्तरेकडून लोखंडाची माती आणून इथल्या कारखान्यात ओतायची आणि परत जायचं. तिला आणायचे कागद केले त्या वर्षी तो नुकताच जहाजावर लागला होता. त्याच्या कमाईकडे बघून सरकार म्हणालं, एवढ्यात बायको पोसशील कशी, आणखी एक जामीनदार आण. तेव्हा हाजीने सही केली. वर मुनीफने बजावून सांगितलं होतं, "काकांना सांभाळून राहा. ते तुझे कफील आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी अफराह पुदिना आणायला म्हणून बाहेर पडली आणि वस्तीच्या समाजकेंद्रात वकीलबाई सुहादच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत जावं की नाही, हे तिला ठरवता येईना. विचारायला गेल्याचं हाजीच्या कानावर गेलं तर? वस्तीत कानांना तोटा नव्हता. शेवटी आतूनच आवाज आला.

"आत ये गं बाई. दारात उभी राहून कोणाला व्हिसा मिळत नाही."

सुहाद इराकी होती, जाडजूड, सदा घसा बसलेली. चहात साखर एवढी घालायची की चमचा उभा राहावा. अफराहने कार्ड पुढे केलं. बाईने ते उलटंपालटं करून पाहिलं.

"अटीचं कार्ड. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत आलीस म्हणून दोन वर्षांचंच दिलं. आता अट काढायचा अर्ज करायचा. नवरा-बायकोने मिळून. मुदत संपायच्या आत पोचला पाहिजे, आणि तू आलीस उशिरा, पण फार उशिरा नाही. बँकेचं खातं दोघांच्या नावावर?"

"आहे."

"कर दोघांनी मिळून भरला?"

"हो. जहाजाच्या कंपनीच्या विम्यातही माझं नाव आहे."

"छान. फोटो आण. लग्नातले नकोत, ते खोटे नवरेही काढतात. भांडून झाल्यावरचे असतील तर ते आण." सुहाद स्वतःच्याच विनोदावर खोकली. अफराह हसली नाही.

"आणि कफीलाचे कागद?"

"कोणाचे?"

"कफीलाचे. त्यांची नवीन सही लागेल ना? ते म्हणतात, देणार नाही. ते म्हणतात, नाव काढून घेतो."

सुहादने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा शब्द तुला कोणी दिला?"

अफराहने सगळं सांगितलं. सांगताना ती पिशवीचे बंद पिळत होती. सुहाद मध्ये एकदाही बोलली नाही, आणि हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं.

"आता नीट ऐक," ती शेवटी म्हणाली. "हा अर्ज एकच विचारतो, लग्न खरं होतं का. तुला पोसणार कोण, हे तू यायच्या आधी विचारून झालंय. ते या अर्जात परत कोणी विचारत नाही. हाजीची नवी सही लागत नाही, त्याच्या दुकानाचा हिशेब लागत नाही, त्याची परवानगी लागत नाही."

"पण त्यांनी जुनी सही मागे घेतली तर?"

"घेऊन दाखवू दे! तू आत आलीस त्या दिवशी ती सही पक्की झाली. तू नागरिक होईपर्यंत, किंवा नोकरी करून दहाएक वर्षांचा कर भरेपर्यंत, किंवा हा देश कायमचा सोडेपर्यंत ती सुटत नाही. नाहीतर मग दोघांतलं एक मेलं पाहिजे. घटस्फोटानेही सुटत नाही. अगं, तू उपाशी राहिलीस तर तू त्याला कोर्टात खेचू शकतेस."

"मी? त्यांना?"

"तू, त्याला. तिकडचा कफील तुझ्या मानेवर बसतो. इथे मान त्याची अडकते. बांधला गेलाय तो. तू नाहीस."

अफराहला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिला राग आला, आणि एवढा आला की तिला समोरचा चहा दिसेनासा झाला. सोडलेला इंग्रजीचा वर्ग आठवला. रोट्या आठवल्या, उन्हाळ्यात तव्यासमोर उभं राहून भाजलेल्या. कोणाला घाबरत होते मी? एका कागदाला, जो माझ्याच बाजूचा होता?

"नवऱ्याची सही मात्र लागेल," सुहाद म्हणाली. "ती नसेल तर हा अर्ज मिळून होत नाही. मग आधी घटस्फोट, आणि मग एकटीने. होतं, पण लांबतं, आणि डोक्याला ताप. कुठे आहे नवरा?"

"जहाजावर."

"मग जहाज गाठ."

पुदिना न घेताच ती घरी आली. हाजी ओट्यावर बसून किशर पीत होता, कॉफीच्या टरफलांचं, आलं घातलेलं, वाफाळतं. तिला रिकाम्या पिशवीसह बघून म्हणाला, "पुदिना इब्बहून मागवलास वाटतं."

"काका, तुम्हाला नाव काढून घेता येत नाही."

"काय?"

"तुमचं नाव. काढून घेता येत नाही. मी वकीलबाईंकडे जाऊन आले."

हाजीचा कप थांबला. "त्या इराकणीकडे? माझ्या घरातली बाई माझ्या घरची गोष्ट घेऊन त्या इराकणीकडे गेली? आणि ती काय म्हणते, मला कळत नाही? मला? आठ वर्षं रियाधमध्ये उन्हात छपरं घातली मी. कफील म्हणजे काय ते तू मला सांगणार?"

"हे कफीलपण नाहीच आहे. तुम्ही नुसते जामीन आहात. सुटका नसलेले जामीन."

हे वाक्य तिच्या तोंडून कसं आलं, तिचं तिलाही कळलं नाही. हाजी ताडकन उठला. एक क्षण तिला वाटलं, आता हात उचलतो. त्याने खिशातून फोन काढला आणि समाजकेंद्राला लावला. सुहादचा बसका घसा ओट्यावर ऐकू येऊ लागला. हाजीने आधी खडसावलं, मग वाद घातला, मग नुसतं ऐकलं. मधूनच म्हणाला, "घटस्फोट झाला तरी?" थोड्या वेळाने, "मरेपर्यंत?"

"एकतर तुम्ही मरेपर्यंत, नाहीतर मी," अफराह म्हणाली.

फोन बंद झाल्यावर हाजी खाली बसला. त्याचा चेहरा उतरला होता. इतका, की दुसरी कोणी असती तर तिने पाणी आणून दिलं असतं. अफराह तशीच उभी राहिली.

"त्याने मला सांगितलं होतं," हाजी म्हणाला. "ह्याच घरात. 'काका, तुम्ही फक्त दोन वर्षं कफील व्हा. नाही पटलं तर नाव काढून घ्या. दोन वर्षांनी ते परत विचारतातच.' नाहीतर मी सही केली असती? मला हे दुकान आहे, हे घर आहे. अशी मरेपर्यंतची सही कोण करतं?"

"कोणी सांगितलं होतं?"

प्रश्न विचारताना उत्तर तिला माहीत होतं. हाजीने मान वर केली.

"तुला कोणी सांगितलं, मी तुझा कफील आहे म्हणून?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एकमेकांकडे असं सरळ पाहिलं असेल. दोघांच्या मनात एकच नाव होतं.

मुनीफ वस्तीचा दुभाष्या होता. पाच वर्षांचा असताना इथे आला आणि शाळेत इंग्रजी शिकला तेव्हापासून बायका त्याला हाताला धरून दवाखान्यात न्यायच्या, पुरुष बँकेत न्यायचे. डॉक्टर दहा वाक्यं बोलायचा, मुनीफ त्याचं एक करायचा. "काही नाही, गोळ्या घे म्हणतोय." लोक खूश व्हायचे, काम व्हायचं, त्याला खाऊ मिळायचा. लांबलचक खरं सांगून कोणाचं भलं होत नाही, हे तो सहाव्या-सातव्या वर्षीच शिकला होता. गोड पोरगा. कोणाला नाही म्हणता यायचं नाही त्याला. सोयीचा शब्द शोधून द्यायचा आणि मोकळा व्हायचा.

आता हा सोयीचा शब्द त्याने दोन घरांना दिला होता. खरं म्हणजे एकाच घरातल्या दोन माणसांना. काकाला सांगितलं, कफील, म्हणजे केव्हाही सुटता येईल. बायकोला सांगितलं, कफील, म्हणजे केव्हाही हाकलून देईल. जो बांधला गेला तो स्वतःला मोकळा समजत राहिला, आणि मोकळी होती ती बांधून घेऊन बसली.

"जहाज कुठे आहे?" हाजीने विचारलं.

खलाशांच्या बायकांच्या फोनवर जहाज दिसतं. नकाशावर एक बारीक टिपका असतो आणि बायका स्वयंपाक करता करता त्याच्याकडे बघतात. अफराहने फोन काढला. टिपका नदीतून खाली येत होता.

"उद्या लागेल. दुपारपर्यंत."

"मी घेऊन जातो तुला," हाजी म्हणाला. मग कप बाजूला सारून, "पण मी गाडीतून उतरणार नाही. उतरलो तर माझा हात उठेल."

रविवारी पोलादाच्या कारखान्याच्या फाटकाशी वारा असा सुटला होता की अफराहचा बुरखा सावरता सावरत नव्हता. नोव्हेंबरातलं जहाज फार वेळ थांबत नाही. लोखंड ओतून होतं न होतं तोच निघतं. आणखी दोन-तीन बायका डबे घेऊन उभ्या होत्या, हसत होत्या. अफराहच्या एका हातात सलतेचं, मटणाच्या रश्श्याचं भांडं होतं, कापडात गुंडाळलेलं, आणि काखेत पाकीट. हाजीची गाडी रस्त्याच्या पलीकडे उभी होती.

मुनीफ आला. डोक्यावर टोपी, अंगभर लाल माती. लांबूनच हसला. त्याचं हसू फार छान होतं, तिने त्याला होकार दिला तो त्याचसाठी. तिला ते आठवलं आणि वाईट वाटलं.

"सलता आणलीस! अल्लाह तुझे हात सलामत ठेवो. जहाजावर आचारी आम्हाला उकडलेले बटाटे घालतो गं."

"आधी सही."

"कसली?"

"अट काढायच्या अर्जावर. इथे."

"अगं, आत्ता? हात बघ माझे. जानेवारीत येतोच आहे, तेव्हा निवांत करू."

"जानेवारीत कार्ड मेलेलं असेल."

त्याने कागद घेतला नाही. रस्त्यापलीकडे बघितलं. गाडी ओळखली. "काका आलेत? त्यांना विचारलंस का? त्यांच्या मनाविरुद्ध काही करू नकोस हं. शेवटी ते तुझे..."

"काय आहेत ते माझे?"

मुनीफने टोपी मागे सरकवली.

"बोल ना. काय आहेत? तूच दिलास ना शब्द. मला दिलास, त्यांनाही दिलास."

मुनीफचं हसू गेलं. बाकीच्या बायका डबे देता देता थांबल्या होत्या. तो फाटकाच्या गजांजवळ सरकला आणि आवाज खाली आणून बोलू लागला. "दुसरा काय शब्द होता? आठ पानांचा कागद होता तो, इंग्रजी. त्यांना समजावून सांगितला असता तर सही केली असती त्यांनी? तू जिबूतीतल्या अमेरिकी वकिलातीच्या दारात अजून व्हिसाची वाट बघत बसली असतीस. मी तुला आणलं, अफराह. कसंही करून आणलं."

"हे काकांना सांगितलंस त्याचं झालं. मला का सांगितलंस तेच?"

दहा वाक्यांचं एक करणारा माणूस, पण त्याला एकही वाक्य सापडेना.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "काकांना दुकानात माणूस हवा होता. तुला दुकानात बसायचं नव्हतं. मला बसवलंस."

"तसं नाही गं..."

"माझ्या बापाचं तुला माहीत होतं. आपलं ठरलं तेव्हा फोनवर मी तुला सगळं सांगितलं होतं. त्यांची मशिनं तिथेच राहिली तेसुद्धा. मी रडले होते. ते ऐकून तू हा शब्द निवडलास, मुनीफ. हजार शब्द होते."

आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते वाऱ्याने आलं असं तिने मुळीच भासवलं नाही. आतून धक्क्यावरून कोणीतरी मुनीफला हाक मारली. त्याने वळून हात केला, पुन्हा तिच्याकडे वळला, आणि घाबरलेली माणसं करतात ते त्याने केलं.

"आणि मी सही नाही केली तर?"

दोन दिवसांपूर्वी हा प्रश्न ऐकून ती मुकाट्याने घरी परतली असती. सुहाद म्हणाली होती, लांबतं, डोक्याला ताप. तारखा, कोर्ट, एकटीने अर्ज, आणि तोवर खिशात मेलेलं कार्ड. हे सगळं तिला दिसलं. तरी तिने भांडं दुसऱ्या हातात घेतलं आणि सांगितलं,

"मग घटस्फोट घेईन आणि एकटीने अर्ज करीन. होतो तसा, विचारून आलेय. पण एक ऐकून जा. पोसण्याची सही काकांनी केलीय तशी तूही केली आहेस. घटस्फोटाने ती सुटत नाही. बायको जाईल, सही राहील."

इंग्रजी वाचता येणारा घरातला एकटा मुनीफच होता. ते कलम त्याने वाचलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. तिच्या तोंडून ते ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर काय आलं, ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. भीती होती, आणि थोडी लाजही असावी. असावी असं तिला वाटायचं.

त्याने पँटला हात पुसला. गजांतून कागद आत घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. बोटांची लाल माती कोपऱ्यावर उमटली.

"उद्यापासून मी कामाला जातेय," ती म्हणाली. "जानेवारीत येशील तेव्हा आपली खोली वेगळी असेल. भाडं माझ्या पगारातून. तुला यायचं असेल तर ये."

"यायचं असेल तर म्हणजे? नवरा आहे मी तुझा." त्याने कागद परत दिला, आणि खालची रिकामी ओळ त्याच्या नजरेस पडली. "तुझी सही? तू नाही केलीस?"

"नाही."

"का? करणार आहेस ना? अफराह! करणार ना?"

"बघते," ती म्हणाली, आणि भांडं गजांजवळ ठेवून वळली.

पाठीमागून त्याने तीनदा हाक मारली. मग धक्क्यावरचा भोंगा वाजला आणि हाका बंद झाल्या. गाडीत येऊन बसल्यावर तिचे दात वाजत होते. हाजीने गरम हवा तिच्याकडे वळवली. ही त्याने तिच्यासाठी केलेली पहिली गोष्ट होती आणि ती करून तो स्वतःच ओशाळला.

"केली?"

"केली."

"आणि तू?"

तिने पाकिटातून पेन काढलं, कागद मांडीवर पसरला, आणि आपलं नाव सावकाश, इंग्रजीत, सोडलेल्या वर्गात शिकवलं होतं तसं लिहिलं. हाजी बघत राहिला.

"म्हणजे करायचीच होती. मग तिथे का नाही केलीस त्याच्यासमोर? आता तो बिचारा उत्तरेला डुलुथ बंदरात पोचेपर्यंत जीव मुठीत धरून बसेल, बायको ठेवते का सोडते म्हणून. तीन-चार दिवस जातील त्याचे त्यात."

"मी दोन वर्षं काढली, काका," अफराह म्हणाली.

हाजीने किल्ली फिरवली, पण गाडी हलायला बराच वेळ लागला.